प्रस्तावना : बुडबुडा नसलेली बाटली

हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही ग्रामपंचायतीत जाऊन पाणी तपासणीचा अहवाल मागितला, तर ग्रामसेवक कपाटातून एक छापील कागद काढून देतात. सामू, गढूळपणा, विरघळलेले क्षार, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह असे रकाने. जिवाणूंचा कागद वेगळा. खाली शेरा : पिण्यास योग्य, किंवा अयोग्य. हा कागद खोटा नसतो. तो तयार करायला जलसुरक्षकाने गावातून बाटली भरून नेलेली असते, प्रयोगशाळेतल्या कुणीतरी ती तपासलेली असते, आणि पटकीच्या किंवा काविळीच्या साथी रोखण्यात या कागदाचा मोठा वाटा आहे. मात्र जेवढे विचारले तेवढ्याचेच उत्तर त्यावर मिळते. ट्रायक्लोरोएथिलीन, टेट्राक्लोरोएथिलीन, बेंझीन, टोल्युइन, झायलीन यांचे रकानेच त्या कागदावर नाहीत. गावातल्या महिलांच्या हाती दिलेल्या फिल्ड टेस्ट किटमध्येही त्यांच्यासाठी कुठली कुपी नाही. तेव्हा ‘योग्य’ हा शेरा औद्योगिक द्रावकांबद्दल काहीच सांगत नाही. तो त्यांच्याबद्दल गप्प आहे, आणि वाचणारा त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘नाही’ असा लावतो.

ही पुस्तिका त्या न छापलेल्या रकान्यांची आहे. जलसुरक्षक, पाणी समितीचे सदस्य, माध्यमिक शाळांतले विज्ञानाचे शिक्षक आणि ज्यांना अहवाल वाचता येतो पण पुढे काय विचारावे हे सुचत नाही, अशांसाठी ती लिहिली आहे.

हस्तलिखित वाचताना एक शंका मनात आलीच : हिंगोलीसाठी हे कशाला? १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत असे पाच तालुके. सोयाबीन, हळद, कापूस, तूर ही पिके. कयाधू, पूर्णा, पैनगंगा या नद्या. लिंबाळ्याची औद्योगिक वसाहत आहे, पण तारापूर, लोटे किंवा महाडसारखे रसायनांचे कारखाने इथे उभे नाहीत. औद्योगिक द्रावकांची चिंता त्या पट्ट्यांनी करावी, आपण नायट्रेट आणि मे महिन्याचा टँकर बघावा, असे कुणीही म्हणेल. नायट्रेटबद्दल ते बरोबरच आहे. मराठवाड्याच्या भूजलाचा तो रोजचा प्रश्न आहे आणि या पुस्तिकेमुळे तो मागे पडू नये.

पण द्रावक कारखान्यातच राहतात हा समज काही खरा नाही. ते कशासाठी वापरतात ते पाहा. जे पाण्यात विरघळत नाही ते विरघळवण्यासाठी : ग्रीस, रंग, मेण, तेल, डिंक, औषध. गॅरेजमध्ये इंजिनाचे भाग धुतले जातात, फर्निचरवाला थिनर वापरतो, छापखान्यात रूळ पुसले जातात, ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कोट धुतला जातो. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत जे आहे त्यात बेंझीन, टोल्युइन, झायलीन असतातच. सोयाबीनचे तेल काढणाऱ्या प्लांटमध्ये हेक्झेन लागते. मराठवाड्याच्या मोंढ्यात ‘सॉल्व्हंटवाल्यांची खरेदी’ हे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत, कारण सोयाबीनचा भाव त्यांच्यावर हलतो. हळदीचा अर्क काढायलाही द्रावक लागतात, आणि वसमतच्या हळदीचा पसारा पाहता तो उद्योग या भागात वाढला तर नवल नाही.

सर्वांत मोठी वाट मात्र शेतातून जाते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. कीटकनाशकाच्या डब्यावर ‘ईसी’ (इमल्सिफायेबल कॉन्सन्ट्रेट) अशी दोन अक्षरे असतात. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी म्हणजे डब्यातले विष शंभरात वीस भाग. उरलेल्यात पाण्यात मिसळवणारे द्रव्य थोडे, आणि बराचसा भाग द्रावकाचा : बहुधा झायलीन किंवा त्याच्या जातीचे पेट्रोलियमजन्य मिश्रण. डबा उघडल्यावर जो उग्र वास डोक्यात जातो त्यात त्याचाही हात असतो. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा चर्चा झाली ती कीटकनाशकांच्या नावांची. ज्या द्रवातून ती नावे शेतात पोहोचतात त्याची चर्चा कुणी केली नाही. फवारणीचा पंप कुठे धुतला जातो? आखाड्यावर, बोअरच्या तोंडाशी, कारण पाणी तिथेच असते. रिकामा डबाही तिथेच पडतो.

हे सगळे शेतापुरते राहिले असते तर प्रश्न शेतकऱ्याच्या घरापुरता राहिला असता. उन्हाळ्यात तसे होत नाही. गावचा उद्भव आटला की प्रशासन खाजगी विहिरी आणि बोअर अधिग्रहित करते. ज्या बोअरला पाणी टिकून आहे तो पाहिला जातो, मालकाला मोबदला ठरतो, आणि काल हळदीला जाणारे पाणी आज नळाला किंवा टँकरला जाऊ लागते. टंचाईच्या घाईत पहिला प्रश्न पाणी किती देते हा असतो, आणि तोच असायला हवा. माणसे तहानलेली आहेत. पण त्या बोअरशेजारी गेली दहा वर्षे काय सांडले, हा प्रश्न कुठल्याच नमुन्यात नाही. माझ्या मते या जिल्ह्यात द्रावकांच्या तपासणीची सुरुवात लिंबाळ्यापासून नव्हे, अधिग्रहित बोअरच्या यादीपासून व्हायला हवी. ती यादी तहसीलमध्ये तयार असते; वेगळे सर्वेक्षण करावे लागत नाही.

आता जमिनीखाली काय घडते ते. द्रावकांचे ढोबळ दोन गट. पेट्रोल, हेक्झेन, झायलीन पाण्याहून हलके. ते भूजलाच्या पातळीवर तरंगतात. क्लोरीनयुक्त द्रावक, म्हणजे ट्रायक्लोरोएथिलीन आणि त्याची भावंडे, पाण्याहून जड. ट्रायक्लोरोएथिलीनची घनता पाण्याच्या जवळपास दीडपट आहे. हे पाण्याच्या पातळीशी थांबत नाहीत. ते खाली उतरत राहतात, जिथे अडतात तिथे साचतात आणि तिथून थोडे थोडे विरघळत वर्षानुवर्षे पाण्यात येत राहतात. वाळूच्या थरात त्यांचा माग काढणे अवघड आहेच, आपल्या काळ्या पाषाणात ते आणखी अवघड. विहीर खोदणाऱ्या माणसाला मुरूम, मांजऱ्या, मग कठीण काळा दगड असा क्रम पाठ असतो, आणि पाणी दगडात नसून दगडाच्या भेगेत असते हेही. दोन बोअर वीस फुटांवर असतात. एकाला धो धो पाणी, दुसऱ्याला धूळ. जी भेग पाणी आणते तीच भेग द्रावकही आणते. म्हणून शेजारचा बोअर स्वच्छ निघाला यावरून या बोअरबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि दूरच्या एखाद्या बोअरला नको ते सापडले तर त्यात आश्चर्य नाही.

निसर्ग काही अंशी मदतही करतो, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. झायलीन, टोल्युइन यांना हवेशीर मातीतले जिवाणू बऱ्यापैकी खाऊन टाकतात. उघड्या विहिरीच्या पृष्ठभागावरून उडणारे पदार्थ उडून जातात. क्लोरीनयुक्त द्रावक मात्र हट्टी आहेत. जिथे प्राणवायू नाही तिथे ते तुटतात, पण तुटताना ट्रायक्लोरोएथिलीनपासून पुढे व्हिनाइल क्लोराइड तयार होऊ शकते, जे मूळ पदार्थाहून वाईट. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीनचे मार्गदर्शक मूल्य लिटरला ८ मायक्रोग्रॅम ठेवले आहे, व्हिनाइल क्लोराइडचे ०.३. जो तपासणीत फक्त मूळ पदार्थ शोधतो त्याला निम्मीच हकीकत कळते.

आठ मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे टँकरच्या हिशेबात सांगता येईल. दहा हजार लिटरचा टँकर घ्या. त्यात ट्रायक्लोरोएथिलीनचा एक थेंब पूर्ण विरघळला, तर पाणी या मर्यादेच्या जवळपास पोहोचते. अमेरिकेची मर्यादा ५ मायक्रोग्रॅमची आहे. तिच्या ते पलीकडेच जाते. एक लिटरची बाटली सांडली आणि सगळी भूजलात गेली, तर अमेरिकी मर्यादेने सुमारे २९ कोटी लिटर पाणी त्या रेषेवर आणायला ती पुरेशी आहे. प्रत्यक्षात बरेचसे उडून जाते, मातीला धरून राहते. तरीही हे आकडे पाहिल्यावर ‘आमच्याकडे कारखाना नाही’ हे उत्तर अपुरे वाटू लागते. आणि वासावर विसंबून चालत नाही : इतक्या कमी प्रमाणात ट्रायक्लोरोएथिलीनचा वास माणसाच्या नाकाला येत नाही, पाण्याची चव बदलत नाही, रंग तर नाहीच. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, मुख्यतः मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पुराव्यावरून. बेंझीन त्या गटात आधीपासून आहे.

मग आपले मानक काय म्हणते? भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०५०० : २०१२ हे पिण्याच्या पाण्याचे मानक. त्यात शिसे, पारा, आर्सेनिक, कीटकनाशकांची यादी, फिनॉल, खनिज तेल हे सगळे आहे. ट्रायक्लोरोएथिलीन, टेट्राक्लोरोएथिलीन, बेंझीन यांना त्यात मर्यादा नाही. जिल्हा प्रयोगशाळेने ते का तपासले नाही असे तिथल्या रसायनतज्ज्ञाला विचारणे म्हणूनच अन्यायाचे आहे. मानकातच नाही ते तो कुठल्या रकान्यात लिहील? पण त्याच मानकात एक दार किलकिले आहे. क्लोरोफॉर्म आणि त्याची तीन ब्रोमीनयुक्त भावंडे यांना मर्यादा दिली आहे. क्लोरोफॉर्मची लिटरला ०.२ मिलिग्रॅम. हे पदार्थ यादीत आहेत ते बाहेरून येतात म्हणून नव्हे. पाण्यातल्या सेंद्रिय कचऱ्याशी टीसीएल पावडरीतला क्लोरीन भिडला की ते तयार होतात, म्हणून आहेत. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात, आणि ते मोजायला जे यंत्र लागते तेच यंत्र द्रावकही मोजते.

हा योगायोग किती मोलाचा आहे, ते अमेरिकेतल्या कॅम्प लेज्यून या ठिकाणी जे घडले त्यावरून दिसते. उत्तर कॅरोलायना राज्यातला हा मरीन सैनिकांचा तळ. पाण्याचे उद्भव तळाचे स्वतःचे, विहिरी. १९८० मध्ये ट्रायहॅलोमिथेनचा नवा नियम येऊ घातला म्हणून तळाने पाण्याचे नमुने लष्कराच्या प्रयोगशाळेत पाठवले. द्रावकांची कुणाला शंका नव्हती, कुणी ते शोधतही नव्हते. तिथल्या रसायनतज्ज्ञाला आलेखात नको त्या ठिकाणी उंचवटे दिसू लागले, इतके मोठे की मूळ मोजमाप नीट होईना. त्याने अहवालाच्या कागदावर हाताने शेरा लिहिला की पाण्यात दुसरीच क्लोरीनयुक्त रसायने आहेत, द्रावक आहेत, आणि पुष्कळ आहेत. पुढच्या महिन्यांतही असेच शेरे आले. तळावर ते कागद वाचले गेले, फाइल झाले. १९८२ मध्ये खाजगी प्रयोगशाळेने पदार्थांची नावे सांगितली : तळाच्या एका भागात ट्रायक्लोरोएथिलीन, दुसऱ्या भागात टेट्राक्लोरोएथिलीन. दुसऱ्याचे मूळ तळाच्या हद्दीबाहेरचे एक ड्रायक्लीनिंगचे दुकान होते. सगळ्या दूषित विहिरी बंद व्हायला १९८५ उजाडले.

मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वेगळाच वाटतो. हॅडनॉट पॉइंट या भागात मे १९८२ मध्ये घेतलेल्या एका नमुन्यात ट्रायक्लोरोएथिलीन लिटरला १,४०० मायक्रोग्रॅम निघाले. दोनच महिन्यांनी त्याच व्यवस्थेतले नमुने घेतले तर आकडा अगदी खाली. पाणी शुद्ध झाले नव्हते. त्या दिवशी दूषित विहिरीचा पंप बंद होता. बऱ्याच विहिरी आळीपाळीने चालवून पाणी एकत्र करणारी ती योजना होती, आणि नळाचा नमुना कुठल्या विहिरी चालू आहेत यावर अवलंबून होता. आता आपली गावे आठवा. दोन बोअर, एक सार्वजनिक विहीर, वीज येईल तेव्हा जो पंप लागेल तो, जलकुंभात सगळे एकत्र. नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी कुठला पंप चालू होता हे लिहिलेच नाही, तर स्वच्छ अहवालाचा अर्थ काय लावायचा? या पुस्तिकेतल्या नमुना नोंदीच्या तक्त्यात हा रकाना ठळक दिला आहे. तो रिकामा राहू नये म्हणून पंप चालवणाऱ्याची सही मागितली आहे. मला ही लेखकांची सर्वांत शहाणी सूचना वाटते.

कॅम्प लेज्यूनच्या पाण्याचा दोष १९५० च्या दशकात सुरू झाला असे नंतरच्या अभ्यासात दिसले. तिथे राहून गेलेल्या सैनिकांसाठी आणि कुटुंबांसाठी अमेरिकेने २०१२ मध्ये उपचारांचा कायदा केला, २०२२ मध्ये नुकसानभरपाईचा. विहिरी बंद झाल्यानंतर अनुक्रमे सत्तावीस आणि सदतीस वर्षांनी.

नमुना घेण्याचे प्रकरण हा या पुस्तिकेचा गाभा आहे, आणि तो वाचताना अनुभवी जलसुरक्षकालाही काही सवयी मोडाव्या लागतील. क्षार तपासायला आपण दोन लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन घेतो, नळ मोठा सोडतो, कॅन खळबळून भरतो, वर थोडी जागा ठेवून झाकण लावतो. द्रावकांसाठी यातली प्रत्येक गोष्ट चूक. ते उडतात, नळाची धार उंचावरून पडली की हवेत जातात. प्लॅस्टिकमध्ये मुरतात. झाकणाखाली हवा राहिली की पाणी सोडून त्या हवेत जाऊन बसतात. म्हणून बाटली लागते ४० मिलिलिटरची काचेची, झाकणात टेफ्लॉनचे अस्तर असलेली चकती. धार करंगळीहून बारीक, बाटलीच्या आतल्या बाजूने हलकेच. पाणी तोंडाशी फुगून आले की झाकण. मग बाटली उलटी करून बोटाने टिचकी मारायची. एकही बुडबुडा वर आला तर बाटली बाद, पुन्हा नवी. आत आधीच आम्लाचे थेंब असतात, ते सांडू द्यायचे नाहीत. त्यानंतर बर्फ, ४ अंशांच्या आसपास, आणि १४ दिवसांच्या आत तपासणी.

बाटली घेऊन जाणारा माणूस बहुधा मोटारसायकलवर असतो. डिकीत पेट्रोलची अर्धी बाटली असते, कधी रंगाचा डबा. पेट्रोलची वाफ झाकणातून आत जाऊ शकते आणि मग बिचाऱ्या बोअरवर बेंझीनचा आरोप येतो. यासाठी प्रयोगशाळेतूनच शुद्ध पाण्याने भरलेली एक बंद बाटली सोबत न्यायची, न उघडता परत आणायची आणि तीही तपासायची. तिच्यात काही सापडले तर दोष प्रवासाचा. गावकऱ्यांना हे पैसे फुकट घालवल्यासारखे वाटेल. गुत्तेदार किंवा पंपमालक जेव्हा अहवालावर हरकत घेईल तेव्हा हीच बाटली उभी राहील.

तपासणीचे यंत्र म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, शक्यतो मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला. पाण्यातून वायूचे बुडबुडे सोडून उडणारे पदार्थ बाहेर काढायचे, सापळ्यात धरायचे, तापवून एका लांब बारीक नळीतून पाठवायचे; प्रत्येक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. नियमित तपासणीची साधी प्रयोगशाळा यासाठी नसते. पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी नमुना पाठवावा लागेल. (याच जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे, प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतकी हालचाल मोजण्याच्या बेताने. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. दूरच्या कृष्णविवरांची टक्कर औंढ्यात मोजता येईल आणि औंढ्याच्या बोअरमधले बेंझीन मोजायला पुण्याला जावे लागेल, याचे मला हसू येते. तक्रार मात्र नाही. तशी वेधशाळा आली की तिच्याभोवती यंत्रे जाणणारी माणसेही येतात.)

अहवाल हाती आला की एक गोष्ट पाहायचीच. ‘बीडीएल’ म्हणजे यंत्राच्या शोधमर्यादेखाली. ती मर्यादा किती हे लिहिलेले नसेल तर अहवाल परत पाठवावा. ज्या यंत्राला ५० मायक्रोग्रॅमखाली दिसतच नाही, त्याने ८ च्या प्रश्नावर ‘आढळले नाही’ म्हणणे म्हणजे अंधारात पाहून कुणी नाही म्हणण्यासारखे.

एक खबरदारी जल जीवन मिशनच्या नव्या योजनांबद्दल. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या या मोहिमेमुळे गावोगाव नव्या वाहिन्या आल्या. पीव्हीसी पाइपांचे सांधे ज्या ‘सोल्युशन’ने चिकटवतात त्यात टेट्राहायड्रोफ्युरान, मिथाइल एथिल किटोन, सायक्लोहेक्झानोन असे द्रावक असतात. सांधा नीट वाळण्याआधी पाणी सोडले, वाहिनी भरपूर धुतली नाही, तर पहिल्या नमुन्यात ते सापडतील. ते भूजलातले नाहीत. म्हणून नमुना नळाचा आणि उद्भवाचा, दोन्ही हवा. वाहिनीचा दोष नेहमी तात्पुरताच असतो असे मात्र धरू नये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड भागात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाइपांना आतून व्हिनाइलचे अस्तर लावत होते. अस्तर लावताना वापरलेले टेट्राक्लोरोएथिलीन वर्षानुवर्षे नळाच्या पाण्यात उतरत राहिले आणि १९८० मध्ये लक्षात आले. उद्भवाचे पाणी स्वच्छ होते, पाइपच ते दूषित करत होता.

आपल्याकडचा दाखला हवा असेल तर भोपाळचा आहे. १९८४ ची वायुगळती सगळ्यांना ठाऊक. युनियन कार्बाइडच्या आवाराभोवतीच्या वस्त्यांच्या भूजलाची कथा त्या मानाने कमी सांगितली जाते. १९९९ मध्ये ग्रीनपीसने घेतलेल्या नमुन्यांत हातपंपांच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, ट्रायक्लोरोएथिलीन असे क्लोरीनयुक्त द्रावक सापडले. त्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला. मधली सगळी वर्षे लोक तेच पाणी पीत होते, कारण ते पारदर्शक होते आणि जिवाणूंच्या तपासणीत वाईट निघण्याचे त्याला कारण नव्हते.

महाराष्ट्रात आपण रंग आणि वास आठवतो. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरने रसायन ओतले गेले आणि वायूने शेकडो माणसे आजारी पडली. ती रात्र लोकांच्या लक्षात आहे. कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या विहिरींच्या तक्रारी रंगीत पाण्याच्या असतात. जे दिसत नाही, ज्याने त्या रात्री कुणी खोकत नाही, त्याची तक्रार कोण नोंदवणार? आणि वालधुनीची घटना हिंगोलीला दूरची वाटायचे कारण नाही. रसायन सोडणारा टँकर जिथे कारखाना आहे तिथेच रिकामा होतो असे नाही. रात्री रिकामा रस्ता, पूल, नाला एवढेच त्याला पुरते. कयाधूवरही पूल आहेत.

उपायांच्या प्रकरणाबद्दल थोडेच. उकळल्याने द्रावक पाण्यातून जातात, पण स्वयंपाकघराच्या हवेत जातात. दारे बंद करून उकळणे हा उपाय नव्हे. टीसीएल आणि तुरटीचा उपयोग नाही. गावोगाव जारने विकल्या जाणाऱ्या आरओच्या पाण्याबद्दल मोठा गैरसमज आहे : आरओचे पटल क्षार अडवते, असे छोटे उडते रेणू ते खात्रीने अडवत नाही. ते काम त्याच्याआधीचा कोळशाचा फिल्टर करतो, आणि तो फिल्टर कधी बदलला हे जारवाल्याला विचारणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही. मोठ्या प्रमाणावर दोनच भरवशाच्या वाटा : पाणी उंच मनोऱ्यातून खाली सोडत खालून हवा मारणे, किंवा सक्रिय कोळशाच्या थरातून गाळणे. त्याहून स्वस्त म्हणजे तो उद्भव सोडून दुसरा धरणे, आणि सिद्धेश्वर किंवा इसापूर धरणाच्या पाण्यावरच्या योजनांत ज्या गावांना जागा मिळू शकते त्यांनी हा विचार आधी करावा.

सापडले तर काय, यावर लेखकांचे म्हणणे मला पटले. एका नमुन्यावर गावात दवंडी देऊ नये. पण दुसऱ्या नमुन्याचा निकाल येईपर्यंत त्या उद्भवाचे पाणी पिण्याला देऊही नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगणे ग्रामसभेत अवघड जाते. सरपंचाला वाटते, गावाचे नाव खराब होईल, मुलींची लग्ने अडतील. ज्याच्या पेट्रोल पंपाशेजारी बोअर आहे तो म्हणतो, माझ्यावर डाव आहे. यावर पुस्तिकेने दिलेली तोड साधी आहे : तपासणी एका गावाची करायची नाही, तालुक्यातल्या एका प्रकारच्या सगळ्या उद्भवांची करायची. पेट्रोल पंपांच्या हाकेच्या अंतरातले सार्वजनिक बोअर, मग गेल्या उन्हाळ्यात अधिग्रहित झालेले बोअर, मग टँकर भरण्याचे उद्भव. नाव मग एका गावाचे राहत नाही.

पहिल्या फेरीला दोन वेळा सोयीच्या : मे अखेर, पाणी सर्वांत खाली असते तेव्हा, आणि ऑक्टोबरमध्ये, पावसाने वरचे सगळे खाली नेल्यावर आणि सोयाबीनची फवारणी उरकल्यावर. दोन्ही वेळांच्या सुमारास गावात स्वच्छता सर्वेक्षणाची गडबड असते, लाल-पिवळ्या-हिरव्या कार्डांसाठी उद्भवांची पाहणी चालूच असते. त्याच फेरीत ट्रायहॅलोमिथेनच्या तपासणीची मागणी मानकाचा आधार देऊन करता येते, आणि त्याच बाटलीतून द्रावकांची यादीही मागता येते. मागणीपत्राचा नमुना शेवटच्या पानावर आहे. त्यात पदार्थांची नावे मुद्दाम एकेक करून लिहिली आहेत, व्हिनाइल क्लोराइडसकट. उद्भव कसे निवडायचे ते पहिल्या प्रकरणात.